अंधाराचा तास

आमची शाळा घरातच होती, असं मी सांगितलं की समोरचा माणूस एकदम खूश होतो. परीक्षा नाही, गृहपाठ नाही, छडी नाही, किती नशीबवान तुम्ही! मी मान हलवते आणि विषय बदलते. नशीबवान होतो, हे अगदीच खोटं नाही. पण त्या शाळेत माझ्या धाकट्या बहिणीचं जे झालं ते आठवलं की माझं डोकं फिरतं आणि नेमकं कुणावर चिडावं तेच कळत नाही.

राहू गावाच्या पुढं नदीच्या अंगाला आमचा मळा. चहूकडं ऊस, मधूनमधून गुऱ्हाळं, आणि आमच्या तुकड्यात गुलछडी, कांदा, थोडी भाजी. घर मळ्यातच होतं. वर पत्रा, आत दोन खोल्या, पुढं ओटा. वडलांना आम्ही आप्पा म्हणतो. ते आधी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत पाळ्या करायचे. एके दिवशी सकाळी रातपाळीवरून आले, गाडी स्टँडवर लावली आणि आईला म्हणाले, "उद्यापासून जायचं न्हाई." का, ते सांगितलं नाही. त्याच दिवाळीत मला गावातल्या शाळेतून काढलं. मी तिसरीत होते, वर्गात माझी एक जिवाची मैत्रीण होती, पण मला कुणी विचारलं नाही. "पोरींना मीच शिकवणार," एवढंच आप्पा म्हणाले. गाव चार दिवस हसलं, मग गप्प झालं.

आप्पांना शिकवता येत होतं, हे मान्यच करावं लागेल. गुलछडीच्या गड्ड्या बांधताना आम्ही पाढे शिकलो. कांद्याची रोपं लावताना क्षेत्रफळ शिकलो. शेजारच्या गुऱ्हाळावर काकवीचा थेंब पाण्यात टाकला की त्याची गोळी कधी होते, ते बघत द्रव आणि घन शिकलो. धनगरांच्या मेंढ्या आमच्या रानात खतासाठी बसायच्या, तेव्हा त्यांच्यातल्या एका म्हातारीकडून लोकर कातायला शिकलो. मोटरची पेटी उघडून तारा कुठून कुठं जातात तेही शिकलो. आई मात्र पदराला हात पुसत दारात उभी राहायची आणि म्हणायची, "पोरींना करंट लागंल एखाद्या दिवशी, मग बसा शिकवत."

या सगळ्याला आप्पा 'हाताचा तास' म्हणायचे. नियम दोनच, पण ते काळ्या दगडावरची रेघ. पहिला, हात चालत असताना तोंड बंद. आप्पा एकदा काम करून दाखवायचे, एक अक्षर न बोलता, आणि मग अवजार आमच्या हातात द्यायचे. चुकलं तर पुन्हा करून दाखवायचे, तेही मुक्यानंच. दुसरा नियम, कामात रंगलेल्या पोराला हाक मारायची नाही. काही सांगायचं असेल तर जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, त्यानं वर बघितलं की मग बोलायचं. हाकेनं पोराचं ध्यान मोडतं, असं त्यांचं म्हणणं. हा नियम आईलासुद्धा होता. सुरुवातीला ती स्वयंपाकघरातून ओरडायची, मग आप्पा डोळे वटारायचे, आणि हळूहळू तिलाही सवय झाली. आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. पाहुणे आले की त्यांना ते घर फार शांत वाटायचं.

मला हे नियम जड जायचे. मी मूळची बडबडी, सारखी 'का' आणि 'कसं' विचारणारी. आप्पांच्या कपाळाला आठी पडायची. धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ती हाताच्या तासाला बसायला लागली आणि माझी पार किंमत गेली. ती काही विचारायचीच नाही. आप्पांच्या बोटांकडं बघत बसायची, मग तोंडाकडं, मग परत बोटांकडं, आणि दुसऱ्या खेपेला काम बिनचूक करून दाखवायची. "हिला सांगावं लागत न्हाई," आप्पा म्हणायचे. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यांत मोठं कौतुक ते हेच, आणि ते माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

तिचं कौतुक सगळेच करायचे. धनगरांचं कुत्रं एकदा तिच्या पाठीमागं दात विचकून भुंकत होतं. मी ओट्यावर चढले. ती खाली बसून लोकर निवडत राहिली. म्हातारी म्हणाली, "लई धीराची पोर हाय गं तुझी." आई बिचारी हसली. वीज कधी यायची याचा नेम नसायचा, पण धाकटी विहिरीवरच्या पाइपाला हात लावून मोटर चालू झाली का ते सांगायची. आपल्याला घरघर ऐकू येते, तिला हाताला कळायचं. पुण्याहून आप्पांच्या ओळखीचे कुणी बघायला आले की आप्पा तिला पाइपापाशी न्यायचे. ती तळहात टेकवायची, डोळे मिटायची आणि मान डोलवायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे. "पुस्तकात हे कुठं शिकवतात?" आप्पा विचारायचे, आणि पाहुणे म्हणायचे, "कुठंच नाही."

ती बोलायची कमी आणि बोबडं. 'साखर' म्हणायची ती 'आखर' अशी. शिरूरची आजी म्हणायची, "सुटंल जीभ. तिच्या बापाची बी उशिरा सुटली, आन् आता बघा." आप्पा म्हणायचे, कमी बोलणारा जास्त बघतो.

आईला हे पटत नव्हतं. ती शिरूरसारख्या बाजारपेठेच्या गावात वाढलेली, दहावी झालेली. मला शाळेतून काढलं तेव्हा ती काही बोलली नव्हती, आणि तेच तिला सलत असणार. धाकटीला सहावं लागलं तसा तिनं धोशा लावला.

"हिला तरी शाळंत घालू या. चार पोरांत मिसळंल, बोलायला लागंल."

"बोलून काय दिवे लावणार हाय? बोलणारी लई झाली दुनियेत."

"तुमचं तुम्हाला चांगलं असंल. पण पोरीला काय पाहिजे ते तरी बघा."

आप्पा तेव्हा विचारात पडले. ते हट्टी होते, पण दुष्ट नव्हते. "बरं," ते म्हणाले, "तिलाच विचारू. जायचं म्हणली तर नेऊन घालतो. माझी ना न्हाई."

आणि तिथंच विचारलं. ओट्यावर, भर दुपारी. धाकटीला समोर बसवलं आणि आप्पा म्हणाले, "शाळंत जायचंय का तुला?" धाकटीनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग आईच्या तोंडाकडं. आई नकळत होकाराची मान हलवत होती. धाकटीनंही जोरानं मान हलवली आणि हसली. तिचा एक पुढचा दात पडलेला होता.

"बघितलंस?" आप्पा हसले. "तुझ्या तोंडाकडं बघून मान हलवली. हे काय उत्तर झालं? उजेडात पोरं आपल्या तोंडाकडं बघून उत्तर देतात. आपल्याला काय पाहिजे ते वाचतात आन् तेच सांगतात."

किती खरं बोलत होते ते! मला ते वाक्य आठवलं की ओरडावंसं वाटतं. हातात आलेली गोष्ट त्यांनी उलटी धरली होती.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भारनियमन इतकं होतं की वीज कधी असायची हेच लक्षात ठेवावं लागायचं. रोज दिवेलागणीच्या सुमाराला लाइट जायची. आणि लाइट गेली की धाकटीचं काहीतरी बिनसायचं. दिवसभर शहाण्यासारखी वागणारी ही पोर अंधार झाला की जो जवळ असेल त्याला घट्ट धरायची. बोललं तर उत्तर द्यायची नाही. "अगं मी हाय, आक्का हाय," असं मी कितीदा म्हणायचे, पण ती माझा चेहरा हातांनी चाचपत राहायची. आई कंदील लावायची, आणि कंदील लागला की पोर पुन्हा ठीक.

"अंधाराला भेती," आप्पांनी निदान केलं. भीती घालवायची तर अंधारात बसायचं, पळायचं नाही, हा त्यांचा उपाय. आता कंदील लगेच लावायचा नाही असं ठरलं. लाइट गेली की आप्पा धाकटीला उचलून आतल्या खोलीत न्यायचे. तिथं धान्याची पोती होती, खिडकी नव्हती. दार लोटून ते पोत्याला टेकून बसायचे आणि तिला मांडीवर घ्यायचे. हा 'अंधाराचा तास'. त्यात एक गोष्ट चांगली होती, असं आप्पांना वाटायचं. अंधारात तोंड दिसत नाही, म्हणून पोर खरं बोलेल.

मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचत नव्हती. मी आणि आई चुलीपाशी बसायचो आणि पलीकडचं सगळं ऐकू यायचं. आप्पा बोलायचे. जो माणूस दिवसभर हातवाऱ्यांवर भागवायचा, तो तिथं बोलत सुटायचा, आणि आवाजही निराळाच, हळू. लहानपणी पिकाला पाणी द्यायला दारं धरताना बांधावर झोप लागली आणि सगळं पाणी दुसऱ्याच्या रानात गेलं, ते सांगायचे. गुरुजी बाकावर उभं करायचे, तेव्हा खिडकीतून कसं चिंचेचं झाड दिसायचं, ते सांगायचे. आणि एकदा कुरकुंभचंही सांगितलं. त्यांच्या पाळीला एक नवा माणूस आला होता, बी.एस्सी., पहिल्या वर्गात पास झालेला. त्याला सगळी सूत्रं पाठ होती. पण वॉल्व्ह हातानं कधी फिरवलेला नव्हता. त्यानं तो उलटा फिरवला. "त्याला काय झालंय ते बघायला मी पुढं गेलो," आप्पा म्हणाले, "पण बघायला काय राहिलं नव्हतं." आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. नोकरी का सोडली, हे तिलाही तेव्हाच कळलं.

खरं सांगायचं तर मला धाकटीचा हेवा वाटायचा. माझ्याशी आप्पा असं कधी बोलले नव्हते. आपल्याला मांडीवर घेऊन कुणी एवढं मन मोकळं करावं आणि आपण त्याच्या छातीवर हात ठेवून ऐकावं, यापेक्षा सुख काय असतं? आणि ती ऐकायचीही गुणानं. "छातीवर हात ठिवून ऐकत असती," आप्पा सांगायचे, "हलत सुदिक न्हाई. भीती गेली तिची."

शेवटी, उठायच्या आधी, ते एक प्रश्न विचारायचे. रोज नाही, पण पुष्कळदा.

"बाळा, शाळंत जायचंय का तुला? जायचं असंल तर नुसतं व्हय म्हण. मी नेऊन घालतो."

आम्ही दोघी कान देऊन बसायचो. आईचा हात पिठात तसाच थांबायचा. आप्पा घाई करायचे नाहीत, खरोखर वाट बघायचे. मग हळूच म्हणायचे, "बरं." दार उघडायचं, धाकटी चुलीच्या उजेडाकडं पळत यायची आणि आईच्या मांडीत घुसायची.

"विचारलं मी," आप्पा म्हणायचे. "न्हाई म्हणती."

"न्हाई म्हणली का गप बसली?"

"गप बसली म्हंजी न्हाईच की."

आई यावर काय बोलणार? न्याय तर झाला होता. पोरीला विचारलं होतं, आणि पोर गप्प बसली होती. असं करत जून आला आणि गेला, मग दुसरा जून आला. आईनं एकदा सकाळी धाकटीला न्हाऊमाखू घालून, वेणी घालून मळ्याच्या कडेला नेलं आणि शाळेत जाणारी पोरं दाखवली. धाकटी बघत राहिली. पोरं दिसेनाशी झाल्यावर तिनं आईचा हात धरून त्या दिशेला ओढलं. आईनं ते आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "नवं काय दिसलं की बघणारच. रातच्याला विचारतो परत." आणि विचारलं. ती परत गप्प.

त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही शिरूरला मामाकडं गेलो. आप्पाही पोचवायला आले होते. न्हावऱ्याला एस.टी. बदलून पोचेपर्यंत दुपार झाली. मामाच्या अंगणात गल्लीतली पोरं जमली होती. त्यांनी आंधळी कोशिंबीर मांडली आणि राज्य पाहुणीवर आणलं. धाकटीच्या डोळ्यांवर कुणाचा तरी रुमाल बांधला आणि तिला गोल फिरवून सोडलं.

पोरं तिच्याभोवती नाचत होती, टाळ्या वाजवत होती, "इकडं, इकडं" ओरडत होती. ती जिथं सोडली तिथंच उभी राहिली. हात पुढं केलेले, बोटं पसरलेली. एक पाऊल टाकलं नाही. पोरं तिच्या कानाशी येऊन ओरडायला लागली आणि हसायला लागली. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती अशी किंचाळली की मामी घरातून बाहेर आली.

मी पुढं होणार तेवढ्यात आईनं मला अडवलं. ती पायरीवरून उतरली. तिचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता. तिनं पोरांना हातानं गप्प केलं. धाकटीच्या मागं, अगदी दोन हातांवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाळे." मग मोठ्यानं, "बाळे!" मग इतक्या मोठ्यानं की समोरच्या घरातली बाई दारात आली. धाकटी रुमाल बांधून तशीच उभी, हुंदके देत.

नळापाशी घासायला ठेवलेली परात होती, पितळेची, मोठी. आईनं ती उचलली आणि धाकटीच्या मागं फरशीवर टाकली. अंगणातलं प्रत्येक माणूस दचकलं. मामीच्या कडेवरचं बाळ रडायला लागलं. ओट्यावर चहा पीत बसलेले आप्पा उठून उभे राहिले, त्यांच्या हातातली बशी खाली पडली. धाकटी फक्त हळूच वळली आणि पायांनी फरशी चाचपली, तिथं काहीतरी हललं म्हणून.

आईनं रुमाल सोडला. पोरीनं आईच्या तोंडाकडं बघितलं. आई काहीच बोलत नव्हती, त्यामुळं तिथं वाचण्यासारखं काही नव्हतं.

पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही गेले, कारण धाकटी माझा हात सोडेना. तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन घातले, आणि आवाज आला की हात वर करायचा असं खुणेनं शिकवलं. तिला ते चटकन कळलं. तिला सांगावं लागत नाहीच. बाहेर बसलेली बाई बटणं दाबत होती. काचेपलीकडं माझी बहीण हात वर करायला अगदी तयार बसली होती. वाट बघत होती, आमच्याकडं बघून हसत होती. हात मांडीवरच राहिले. शेवटी शेवटी, बटण पार टोकाला गेल्यावर, एकदा हात वर गेला.

डॉक्टरांनी लहानपणी मोठा ताप आला होता का ते विचारलं. आला होता, तिसऱ्या वर्षी. दौंडला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. त्यानंतर हळूहळू ऐकणं गेलं असावं, ते म्हणाले. जे थोडं उरलंय ते मशीन लावून वापरता येईल. आधी आला असता तर बोलणं पुष्कळ स्वच्छ राहिलं असतं. मग लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "कुठल्या शाळेत आहे? तिथं बाईंच्या लक्षात कसं आलं नाही?"

आप्पा म्हणाले, "घरीच असती. मीच शिकवतो."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. त्यांच्याकडं बघितलं. मग पुढचं सगळं त्यांनी आईला सांगितलं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी विहिरीपाशी माती कालवत बसली होती. आप्पा तिच्या मागं जाऊन उभे राहिले. ज्या माणसानं घरात हाक बंद केली होती तो हाका मारायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं, मग नुसतंच ओरडणं. उसातले पक्षी उडाले. धाकटी माती कालवत राहिली. आप्पांनी असं बरेच दिवस केलं. मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी दयाही येत होती की मी तिकडं बघायचंच सोडलं.

आई त्यांना एकदाच बोलली. जेवायला वाढताना, शांतपणे. "गप बसली म्हंजी न्हाईच, असं म्हणाला होतात." आप्पा ताटावरून उठले. त्यानंतर त्या दोघांत हा विषय कधी निघाला नाही, आणि दुसरे विषयही फारसे निघाले नाहीत.

हाताचा तास बंद झाला. मला गावातल्या शाळेत आठवीत बसवलं. धाकटीला पुण्याच्या कर्णबधिरांच्या शाळेत घातलं, तिथंच वसतिगृहात. आमच्या घरच्या शाळेतली सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी अशी गेली. आप्पांनी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणली आणि दोन्ही खोल्यांत छोटे दिवे जोडले, लाइट गेली तरी घरात अंधार व्हायला नको म्हणून. घरात राहणारे आम्ही तिघं, आणि तिघांनाही ऐकू येत होतं. तरी रोज संध्याकाळी ते दिवे लागायचे.

धाकटी सुट्टीला यायची. कानांना मशीन, दप्तरात एक टॉर्च. अंधार झाला की ती बोलणाऱ्याच्या तोंडावर टॉर्च मारायची. नवख्या माणसाला ते उद्धट वाटायचं. तिचं बोलणं सुधारलं होतं, पण सपाट होतं, आणि आपला आवाज किती मोठा निघतोय ते तिला समजायचं नाही. कानात सांगायची गोष्ट ती अशी सांगायची की शेजारच्या मळ्यात जावी.

ती तेरा-चौदा वर्षांची असताना दिवाळीला आली होती. मी तेव्हा दौंडला कॉलेजात जात होते. संध्याकाळी लाइट गेली. बॅटरी जुनी झाली होती, आतल्या खोलीतला दिवा लागलाच नाही. आम्ही दोघी पोत्यांवर बसून फराळाच्या डब्यातली शेव खात होतो. आप्पा बाहेर ओट्यावर होते. तिनं टॉर्च लावली, माझ्या तोंडावर धरली, आणि एकदम म्हणाली, "आक्का, आप्पा मला हितं आणायचे."

"आणायचे," मी म्हणाले.

"का?"

"तुझी भीती घालवायला."

तिनं ते मला पुन्हा म्हणायला लावलं, ओठांवरून वाचलं, मग नकाराची मान हलवली. "माझी न्हाई. आप्पांना भीती वाटायची. म्हणून मला आणायचे. त्यांची छाती थरथरायची. मी हात ठेवायचे." तिनं टॉर्चचा हात बदलला आणि मोकळा तळहात हवेत टेकवून दाखवला, पाइपाला टेकवायची तसा. "मला वाटायचं रडतायत. म्हणून मी गप्प बसायचे. हलायचे पण नाही."

मी डबा खाली ठेवला. मी म्हणाले, "रडत नव्हते ते. बोलत होते."

"अंधारात?"

"हो."

तिनं टॉर्च आणखी जवळ आणली. माझे डोळे दिपले. "काय बोलायचे?"

मग मी सांगितलं. सावकाश, तोंड नीट उघडून, जसं तिच्याशी बोलावं लागतं तसं. बांधावर लागलेली झोप, दुसऱ्याच्या रानात गेलेलं पाणी. खिडकीतलं चिंचेचं झाड. कुरकुंभचा तो माणूस आणि वॉल्व्ह. सगळं तिच्यासाठी बोललेलं आणि सगळं माझ्याकडं राहिलेलं. ती मध्ये काही विचारत नव्हती, बघत होती. आणि ते उरलेलं एक वाक्य सांगावं की नाही, हे माझं ठरेना. पण तिच्यापासून लपवायचं म्हणजे तोंड फिरवावं लागतं, आणि टॉर्च माझ्या तोंडावर होती.

"आणि शेवटी विचारायचे," मी म्हणाले, "शाळेत जायचंय का? जायचं असेल तर नुसतं व्हय म्हण."

"मला?"

"तुला. कितीतरी वेळा."

ती माझ्या ओठांकडं बघत राहिली, अजून काही येतंय का म्हणून. येत नव्हतं. मग तिनं टॉर्च बंद केली. अंधार झाला म्हणजे आता तिला काहीच सांगता येणार नव्हतं. मी तिचा हात शोधत होते, तेवढ्यात तिचा आवाज आला, तिच्या मते हळू आणि सगळ्या घरभर ऐकू जाईल एवढा.

"व्हय."

ओट्यावर खाट करकरली. आप्पा उठून बसले असावेत. बाहेरून त्यांनी विचारलं, "काय गं? काय म्हणती ती?"

"काही नाही, आप्पा," मी म्हणाले.

"मला व्हय ऐकू आल्यागत वाटलं."

धाकटीनं चाचपत माझ्या छातीवर हात ठेवला. अंधारात आम्ही तिघंही गप्प बसून राहिलो, आणि आई कंदील घेऊन येईपर्यंत धाकटीनं माझ्या छातीवर ठेवलेला हात काढला नाही.